मुशीवरच्या गेरूच्या रेघा

भंडारा जिल्ह्यात जाणारे लोक तलाव बघतात, जंगलात वाघ शोधतात आणि परत येऊन तिथल्या भाताबद्दल बोलतात. मी गेले ती मातीचं एक भांडं बघायला. घरी हे सांगितलं तेव्हा यजमानांनी पेपरातून डोकं वर काढून "पुण्यातले कुंभार संपले का?" एवढंच विचारलं आणि डोकं पुन्हा आत घातलं.

त्यांची चूक नाही. मी नेमकं काय काम करते हे पंचवीस वर्षांत मला त्यांना धड सांगता आलेलं नाही. तुम्हाला सांगून बघते. काही भट्ट्या इतक्या तापतात की तिथे लोखंडाचा निभाव लागत नाही. तिथे सिरॅमिक लागतं. म्हणजे कपबशीच्याच जातीचं, पण फार तालेवार घराण्यातलं. त्याचा दोष मात्र कपबशीचाच, तडा गेला की खेळ संपला. म्हणून त्याच्या पोटात केसाहून बारीक धागे घालतात, तेही सिरॅमिकचेच. मातीच्या भिंतीत तणस घालतात ना, तसं. तडा धाग्यापाशी येतो, अडतो, वाट बदलतो, आणि वस्तू एकदम फुटत नाही. अशा पाट्या मी आमच्या प्रयोगशाळेत तापवते, वाकवते, मोडते, त्यावर अहवाल लिहिते आणि हेच मुलांना शिकवते.

या खेपेची पाटी एका कारखान्याच्या भट्टीच्या दाराला आतून बसणार होती. त्या दारापुढे माणसं उभी राहून काम करतात. मी पाटी सलग शंभर तास लालभडक ठेवली, मग मोडून पाहिली. झकास निघाली. अहवालावर सही केली, सोमवारी पाठवून द्या म्हणून सांगितलं आणि चार दिवसांची रजा टाकली. त्या सहीबद्दल मला तेव्हा काडीचीही शंका नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

रजेचं खूळ डोक्यात घातलं महादेवने. हा आमचा तंत्रज्ञ, मूळचा मोहाडी तालुक्यातल्या करडीचा. मोडलेल्या पाटीतून बाहेर आलेले धागे भिंगाखाली बघता बघता तो म्हणाला, "मॅडम, आमच्या आंबागडचे ओतारी मुशीत गोणपाटाचे तंतू घालते. तुमच्यासारखंच करून राहिले ते." ओतारी म्हणजे पितळ ओतून वस्तू करणारे, आणि मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. पितळेचा रस पोटात घेऊन ते कोळशात बसतं, आणि मग सांडशीत धरून माणूस ते उचलतो. आमची अख्खी प्रयोगशाळा जे जपानी यंत्रांवर करते ते कुणी गोणपाटावर करत असेल, तर मला ते बघायचंच होतं.

करडी

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. धान कापून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या झाल्या होत्या आणि घराघरापुढे तणसाचे ढीग उभे होते. महादेवची मोठी बहीण कुसुमताई मला घ्यायला बसथांब्यावर आली होती. पन्नाशीची, ठेंगणी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई. घर तलावाच्या पाळीला लागून. तलावात शिंगाडे, पाळीवर बगळे, आणि ओसरीत माझ्यासाठी मुद्दाम आणलेली प्लॅस्टिकची खुर्ची, जिच्यावर बसणारी मी घरात एकटीच.

जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे, भात आणि तलावातल्या झिंग्यांची भाजी. भात वाढण्याची पद्धत आमच्याकडे वेगळी. आम्ही मूद पाडतो, इथे डोंगर रचतात. मी अर्धा डोंगर नको म्हणून हात आडवा केला तर कुसुमताई दुखावल्या. "एवढाच? आजारी आहा का जी?"

ओतारीदादांना दाखवायला म्हणून मी त्या पाटीचा एक तुकडा साडीत गुंडाळून आणला होता. हात धुऊन आले तर साडीची घडी बाजूला नीट ठेवलेली, आणि माझ्या तुकड्यावर डाळीचं उकळतं भगुणं विसावलेलं.

"बरी पाटी आनली तुमी," कुसुमताई म्हणाल्या. "खाली चटका नाही लागत. फुटन तं नाही ना?"

"नाही फुटायची," मी तोऱ्यात म्हणाले. "शंभर तास भट्टीत होती ती."

आंबागड

दुसऱ्या दिवशी तुमसरहून बस बदलून आम्ही दोघी आंबागडला पोचलो. डोंगरावर जुना किल्ला, उतारावर सागाचं जंगल, पायथ्याशी गाव. कुसुमताईंच्या बैलांच्या गळ्यातल्या घंट्या इथल्याच, दशरथभाऊंच्या हातच्या, त्यामुळे ओळख काढावी लागली नाही. सत्तरीचे दशरथभाऊ डोळ्यांवर काळा चष्मा लावून अंगणात बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते आणि डॉक्टरांनी भट्टीसमोर जायला मनाई केली होती. भट्टी आता त्यांचा मुलगा विनोद बघत होता. तिशीतला, सडसडीत, हसरा.

अंगणात कुंपणाच्या कडेने मुशीच मुशी मांडलेल्या. घागरीहून लहान, बुडाशी निमुळत्या. एकीत तुळस, एकीत कोंबड्यांचं पाणी, एकीत मिरचीचं रोप. मला वाटलं सजावट आहे.

"हे पेन्शनवाले," दशरथभाऊ म्हणाले. "याइची नोकरी झाली."

मग त्यांनी मला मूस कशी करतात ते दाखवलं. डोंगराखालची पांढरी माती, जुन्या मुशींचा कुटलेला चुरा, धानाचा कोंडा आणि गोणपाटाचे बोटभर कापलेले तंतू. सगळं पायांनी तुडवायचं, थापायचं, आणि सावलीत महिनाभर वाळवायचं. फळीवर तीन नव्या मुशी वाळत होत्या. बोट लावलं तर गार, अजून ओलसर.

माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. "पण भाऊ, तंतू तर पहिल्याच आगीत जळून जाणार. मग घालता कशाला?"

"जळते ना जी. पन जागा ठेवून जाते. तडा आला का तो त्या जागंत जाऊन बसते. पुढं नाही जात."

मी वही काढली. शाळेची पायरी फार न चढलेला हा माणूस मला माझाच धडा एका वाक्यात सांगत होता, आणि तो माझ्या वर्गातल्या धड्यापेक्षा सोपा होता.

कामात असलेली मूस एकच होती. तिच्या अंगावर गेरूच्या उभ्या रेघा होत्या, नऊ. मी विचारलं, तर म्हणाले, मूस थंड झाली की एक रेघ. बारा झाल्या की ती कितीही चांगली दिसो, अंगणात जाते.

"तापली की नाही, थंड झाली की?"

"तापून काही होत नाही तिले. दिवसभर लाल ठेवा ना, मजेत राह्यते. मूस तापून नाही मरत जी. थंडी होऊन-होऊन मरते."

हे मला माहीत होतं. वीस वर्षं मी ते फळ्यावर लिहीत आले आहे. तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. धागा एका मापाने आकसतो आणि भोवतालचं अंग दुसऱ्या मापाने, म्हणून दर वेळी दोघांची ओढाताण होते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्या भेगांतून हवा आत शिरते आणि धाग्यावर जो पातळ लेप असतो तो खाऊन टाकते. लेप गेला की धागा भोवतालच्या अंगाला घट्ट चिकटतो, आणि आलेला तडा त्याच्यापाशी न अडता सरळ त्याच्यातून जातो. वरून वस्तू जशीच्या तशी दिसते, आतून तिची पुन्हा कपबशी झालेली असते. हे सगळं माहीत असून मी माझी पाटी सलग शंभर तास तापवली होती, एकदाही न निववता. आणि भट्टीचं दार तर दर पाळीला उघडतं. हा विचार मनात आला आणि मी तो चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकला.

"बाराच का?" मी विचारलं.

दशरथभाऊंनी चप्पल काढून उजवा पाय पुढे केला. तीन बोटं एकमेकांना चिकटून एक झालेली, वरची कातडी मेणासारखी. "चौदावी रेघ होती. बूड गळून पडलं. पितळ सगळं पायावर." त्यांनी पाय परत चप्पलेत घातला. "तवापासून बारा."

दोन दिवसांनी शेजारच्या गावात मंडई होती. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. आमच्या जत्रेसारखीच, पण देवापेक्षा पाहुणे जास्त. लेकीबाळी येतात, नाटकं होतात, आणि शेतकरी बैलांसाठी घंट्या घेतात. विनोदला उद्या चाळीस घंट्या ओतायच्या होत्या. मूस ही एवढीच. नऊ रेघांची, म्हणजे हिशेबाने अजून तीन वेळा थंड होण्याइतकी. "तुमी पाहून जा," विनोद म्हणाला. "पितळ ओतताना पाह्यलं नसन कधी." आमचा मुक्काम तिथेच पडला.

किल्ल्याची वाट

सकाळी आयते खाल्ले. तांदळाच्या पिठाचे, जाळीदार, आमच्या घावनांचे चुलतभाऊ. कुसुमताई कोंबडीच्या मागे लागल्या आणि विनोद मला किल्ला दाखवायला निघाला. चढ फार नाही, पण माझे गुडघे पुण्याचे आहेत. दर वळणावर मी झाडं बघायच्या मिषाने थांबत होते आणि विनोदला ते कळत होतं.

वाटेत तो भट्टीबद्दल बोलत होता. दोन महिने एकट्याने सगळं केलं याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा? हाताच्या भात्याऐवजी विजेचा पंखा त्यानेच बसवला होता. त्रास एकच, विजेचा.

"लाइन टिकतच नाही ना जी. सकाळी पेटवली का दहाले जाते. पंखा बंद तं भट्टी गेली. मंग मूस काढून ठेवतो. लाइन आली का पुन्हा पेटवतो. चारले पुन्हा जाते."

मी एका दगडावर दम खात बसले होते. "मग मूस पूर्ण थंड होते?"

"हात लावा ना. काही नाही होत."

"आणि रेघ?"

"रेघ संध्याकाळीच. आजाच्या काळापासून तसंच आहे आमच्याकडं. भट्टी विझवली, मूस पुसली, रेघ मारली."

मला आधी काही वाटलं नाही. मग एकदम वाटलं. आजोबांच्या आणि बापाच्या काळी हाताचा भाता होता. सकाळी पेटवलेली भट्टी संध्याकाळपर्यंत चालायची, म्हणून दिवस आणि थंड होणं एकच होतं. विनोदच्या भट्टीत मूस दिवसातून दोनदा, कधी तीनदा निवत होती, आणि रेघ तो लहानपणापासून पाहिलेल्या वेळेला, इमानाने, एकच मारत होता. नऊ रेघांची मूस निदान वीस वेळा थंड झालेली होती.

"विनोद, खाली चल," मी म्हणाले. तो हसला, "किल्ला तं पाहून घ्या." किल्ल्याचा दरवाजा समोर दिसत होता. मी आजतागायत किल्ला आतून पाहिलेला नाही.

अंगणात

दशरथभाऊंना सांगताना मला चाचरायला झालं. पाहुणी म्हणून आलेली बाई घरातल्या कर्त्या मुलाची चूक त्याच्या बापाला सांगते, हे कुणाला आवडेल? विनोदचं हसू मावळलं होतं. त्याने मूस उचलून बोटाच्या पेराने वाजवली. टण् आवाज आला, स्वच्छ.

"ऐका ना बाबा. वाजते ना? फुटकी असती तं अशी वाजली असती काय? आनि थांबून राहिलो तं मंडई जाते."

दशरथभाऊंनी तिच्या अंगावरून हात फिरवला. बूड चाचपलं. मग ते म्हणाले, "पितळ नको. लोखंड भर."

मुशीत जुने नटबोल्ट आणि खिळे भरले, पितळेच्या वजनाइतके. या आचेत लोखंड वितळत नाही, मूस फुटली तरी रस सांडणार नव्हता. भट्टी पेटवली. पंखा घुमू लागला, कोळसा पांढरा झाला, त्यात मूस आधी लाल आणि मग नारिंगी झाली. विनोदने सांडशी घातली, मूस उचलली, आणि वाळूच्या खड्ड्यावर धरून उभा राहिला. माझे डोळे तिच्या बुडावर. काही झालं नाही. त्याने ती खालीवर हलवून दाखवली. तरी काही नाही.

मला हायसं वाटलं, आणि लाजही. उगाच त्या पोराच्या कष्टांवर शंका घेतली. "टिकली की," मी म्हणाले. "माझंच चुकलं. ओता तुम्ही." विनोद पितळेचे तुकडे आणायला वळलासुद्धा.

"थंडी होऊ दे," दशरथभाऊ म्हणाले.

"बाबा, आता पाह्यलं ना सगळ्याइनं!"

"ते गरम असताना पाह्यलं. गरम असली का सगळ्याच शहाण्या. थंडी होऊ दे, मंग पुन्हा तापव."

आम्ही जेवलो. कोंबडी कुसुमताईंच्या देखरेखीखाली शिजली होती आणि फर्मास होती, पण विनोद ताटावर मान घालून बसला होता आणि मीही. शंभर तास तापवून एकदा मोडून पाहिलेली माझी पाटी मला भाताच्या डोंगरात दिसत होती. थोड्याच वेळापूर्वी मी तीच चूक पुन्हा, सगळ्यांच्या समोर केली होती. गरम मूस टिकली म्हणून पास करून टाकली होती.

मूस निवली. हात लावून पाहिला, काही होत नव्हतं. पुन्हा भट्टीत गेली. पुन्हा लाल, पुन्हा नारिंगी. विनोदने सांडशी घातली, उचलली, आणि दोन पावलं टाकली.

आवाज अगदी लहान झाला, बिस्किट मोडावं एवढा. मुशीचं बूड बशीसारखं सुटून खाली आलं आणि लाल खिळे-बोल्ट वाळूत ओतले गेले. एक नट उडून घरंगळत विनोदच्या पायाजवळ आला. त्याने पाय मागे घेतला. पायात रबरी चप्पल होती.

बिनबुडाची मूस त्याने सांडशीसकट वाळूत ठेवली. दशरथभाऊंनी काळा चष्मा काढला. बाप मुलाच्या तोंडाकडे बघत नव्हता, पायांकडे बघत होता.

"तुही चूक नाही बेटा," ते म्हणाले. "म्याच तुले सांगतलं नाही. मले कोनी सांगतलं नव्हतं. लाइन तवा नव्हतीच."

मग ते मला म्हणाले, "मंडई पुढच्या सालीही येते जी." आणि उठून फळीवरच्या तीन ओल्या मुशींना उगाच हात लावून आले.

निघताना मी त्या बुडाचा एक तुकडा मागून घेतला. मोडीची कड सुरीने कापल्यासारखी सपाट होती. चांगल्या मुशीची मोड खडबडीत असते, तडा अडून अडून गेल्याची. विनोदने कागदाच्या पुडीत गेरूचा एक खडाही दिला.

पुणे

तुमसरच्या बसथांब्यावरूनच महादेवला फोन केला. "तो अहवाल पाठवू नकोस. सही माझीच आहे, आणि चुकीची आहे."

परत आल्यावर काय काय ऐकून घेतलं ते सांगत बसत नाही. कारखान्याची घाई, साहेबांचं तोंड, आणि पंचवीस वर्षांनी हे आत्ता सुचलं का, हा प्रश्न. भट्टीत नवी पाटी घातली. तापवायची, काढायची, निवू द्यायची, पुन्हा घालायची. शेजारच्या पांढऱ्या फळ्यावर दर निवण्याला गेरूची एक रेघ. महादेवला आधी हसू यायचं. पाचव्या रेघेनंतर रेघ तोच मारू लागला.

करडीला भगुण्याखाली बसलेला तुकडा मी घरी आणला आहे. यजमान त्याच्यावर चहाचं आधण ठेवतात आणि माझं काम त्यांना आता थोडंफार कळल्यासारखं वाटतं म्हणतात.

काल दुपारी विनोदचा फोन आला. नव्या मुशी वाळल्या होत्या, पहिली कामाला लागली होती. "दोन दिवसांत पाच रेघा झाल्या ना जी," तो म्हणाला. "लवकरच अंगणात जाते ही. तुमची काय म्हंते?"

"मोडली," मी सांगितलं. "सतराव्या रेघेनंतर उचलायला गेले तर हातातच दोन तुकडे झाले. कड अगदी तुमच्या मुशीसारखी, सपाट."

पलीकडे विनोदने ते बापाला सांगितलेलं ऐकू आलं. मग दशरथभाऊंचा लांबून आवाज, "कोनाच्या पायावर तं नाही पडली? इचार त्याइले."

"नाही म्हणावं," मी म्हणाले. "टेबलावर पडली."

"मंग बेस झालं," दशरथभाऊ म्हणाले.